1969 च्या प्लिमथ बॅराकुडात 100 अँपचा वन-वायर अल्टरनेटर थेट बसेल का?

बसेल. वन-वायर म्हणजे बाहेरून एकच वायर जोडावी लागणारा अल्टरनेटर. ब्रॅकेटला एक-दोन वॉशरची जुळवाजुळव लागेल, पट्टा नीट बसेल, बॅटरी चार्जही होईल. प्रश्न एवढाच असता तर मी उत्तर लिहिलं नसतं. पण तुम्ही पुढे लिहिलंय की रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावायचाय, सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंद होतात, आणि ओळखीच्या एकांनी 'नवीन काय लावाल ते थेट बॅटरीवरून घ्या' असं सांगितलंय. ते शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

थेट बॅटरीवरून घेऊ नका. निदान त्या काळच्या डॉज-प्लिमथमध्ये (दोन्ही क्रायस्लर कंपनीच्या) तरी नाही. हाच सल्ला मला माझ्या साडूंनी दिला होता, मी तो पाळला होता, आणि माझी गाडी पेटता पेटता राहिली ती माझ्या वडिलांमुळे.

माझ्याकडे 1970 ची डॉज डार्ट स्विंगर आहे, 340 घनइंची व्ही-एट इंजिनवाली. मी मिशिगनमध्ये राहतो, काम ब्रेकचं करतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कराडला चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलं. डायनामो, सेल्फ, कटआउट, ट्रकचं वायरिंग. शिक्षण सातवी. साडू इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत, माझ्यापेक्षा वयानं मोठे, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो.

2012 च्या उन्हाळ्यात अण्णा सहा महिन्यांसाठी आले होते. त्याआधीच मी इंजिनचा मूळ पंखा काढून 30 अँप ओढणारा इलेक्ट्रिक पंखा बसवला होता. साडूंचं म्हणणं, बॅटरी हा गाडीतला सगळ्यात स्वच्छ सप्लाय, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचा आणि वायर थेट पॉझिटिव्हला न्यायची. जुना अल्टरनेटर ट्रॅफिकमध्ये पुरेना, म्हणून 100 अँपचा घेतला. तुम्ही आज ज्या वाटेनं निघालात तीच ही वाट.

ऑगस्टचा तिसरा शनिवार, म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: 1995 पासून जवळजवळ दरवर्षी डेट्रॉइटच्या उत्तरेला फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते, आणि ती रांग चालत्या माणसापेक्षा हळू सरकते. बाहेर ऊन, आत व्ही-एट, पंखा अखंड चालू. चार्जिंग सिस्टिमची परीक्षा घ्यायची तर याहून कठीण जागा नाही. अण्णा शेजारी बसले होते. मी खुशीत होतो, कारण डॅशवरचा अँपमीटरचा काटा 'C'कडे, म्हणजे चार्जकडे, चांगला झुकलेला होता. म्हटलं, नवा अल्टरनेटर जोरात आहे.

रॉयल ओक मागे पडलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "बॅटरी उतरली होती का रं?"

"नाही अण्णा, कालच चार्जरवर होती."

"मग तासभर झाला, काटा मधी का येईना? भरलेल्या बॅटरीत एवढा करंट जातोय कुठं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, पंख्याचा असेल. ते म्हणाले, "पंख्याचा ह्या काट्यातनं का जावा?" आणि दोन मिनिटांत बेकलाइट (जुन्या पद्धतीचं कडक प्लास्टिक) तापल्यासारखा वास आला. बर्मिंगहॅमच्या अलीकडे एका गल्लीत गाडी घेतली, बोनेट उघडलं. अण्णांनी मीटर मागितला नाही. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ जो मोठा कनेक्टर असतो त्याच्यावर पालथा हात टेकवला आणि लगेच मागे घेतला. "हात ठरंना. पंखा बंद कर." पंखा बंद केल्याबरोबर काटा मध्ये आला. कनेक्टरची एक कड तपकिरी होऊन वितळली होती. रात्री रस्ता रिकामा झाल्यावर हीटर पूर्ण उघडा ठेवून, खिडक्या खाली करून, पंख्याशिवाय घरी आलो.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या '69 मध्येही वाट हीच आहे. अल्टरनेटरची काळी वायर फायरवॉलच्या कनेक्टरमधून आत येते. डॅशमागे तिला एक वेल्ड केलेला सांधा आहे. तिथून इग्निशन, हेडलाइट, फ्यूजबॉक्स हे सगळं निघतं. त्या सांध्यापासून एक फाटा अँपमीटरमध्ये जातो, पलीकडून लाल वायर होऊन त्याच कनेक्टरमधून पुन्हा बाहेर पडतो आणि फ्यूजिबल लिंकमधून (जादा करंट आला तर जळून तुटणारी बारीक वायर) बॅटरीला पोहोचतो. म्हणजे गाडी चालू असताना गाडीची सगळी कामं अल्टरनेटरच्या बाजूला होतात, आणि अँपमीटरमधून फक्त बॅटरी भरायला लागणारा करंट जातो. भरलेल्या बॅटरीला तो चार-पाच अँपच्या आत. हे उत्तम डिझाइन आहे. मी पंख्याची वायर बॅटरीला लावून ते उलटं करून टाकलं. आता पंख्याचे 30 अँप अल्टरनेटरमधून निघून कनेक्टरमधून आत, अँपमीटरमधून पार, परत त्याच कनेक्टरमधून बाहेर, आणि मग पंख्याला. पंखा अल्टरनेटरपासून दोन फुटांवर, आणि करंटची प्रदक्षिणा सगळ्या डॅशभोवती.

त्या कनेक्टरमधली टर्मिनलं म्हणजे पाव इंच रुंदीची साधी पट्टी. बेचाळीस वर्षांचा गंज. समजा एका सांध्याला 0.02 ओहम रेझिस्टन्स झाला. 20 अँपला तिथे 8 वॅट उष्णता होते. कुणाला कळतही नाही. 45 अँपला तीच 40 वॅट होते, कारण करंटचा वर्ग होतो. 40 वॅट म्हणजे चालू असलेलं सोल्डरिंग आयर्न, प्लास्टिकच्या खोबणीत तासभर खुपसून ठेवलेलं.

मग मोठा अल्टरनेटर दोषी का? इथे बहुतेकजण चुकतात. 100 अँपचा अल्टरनेटर 100 अँप ढकलत नाही, मागतील तेवढे देतो. पण त्या काळचे साधारण 37 ते 60 अँपचे अल्टरनेटर आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) जेमतेम वीसेक अँप देत. माझा पंखा तेव्हा उरलेलं बॅटरीतून ओढायचा, आणि बॅटरीतून पंख्याला जाणारी वाट लहान आणि जाड होती. नव्या अल्टरनेटरनं आयडललाच सगळं द्यायला सुरुवात केली आणि ते सगळं त्या गंजक्या पट्टीतून गेलं. जुन्या अल्टरनेटरचा अशक्तपणाच वायरिंग वाचवत होता.

दुसऱ्या दिवशी साडू आले. कनेक्टर बघितला आणि निकाल दिला: "अँपमीटर म्हणजे आगीची काडी. काढून टाक, दोन्ही वायरी एकत्र बोल्ट कर, व्होल्टमीटर लाव." अण्णा म्हणाले, अँपमीटरनं तर तासभर आधी सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. त्यावर साडू म्हणाले, "अण्णा, ही अमेरिकन गाडी आहे, ट्रॅक्टर नाही." अण्णा काही बोलले नाहीत. उठून गॅरेजमध्ये गेले. मीही गप्प बसलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. त्या दिवशी अँपमीटरचा काही दोष नव्हता. त्या काट्यानं खरं सांगितलं: बॅटरीच्या बाजूला कुणीतरी 30 अँप खातंय. व्होल्टमीटरनं 14 दाखवले असते आणि मी पॉन्टिॲकपर्यंत निवांत गेलो असतो. अँपमीटर काढून बोल्ट करणाऱ्यांच्या गाड्या कनेक्टरमध्ये तशाच तापतात, कारण कनेक्टर तोच, करंट तोच. फक्त सांगणारा उरत नाही.

अण्णांनी तीन दिवसांत काम केलं. क्रायस्लरच्याच पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या गाड्यांना चार्जिंगच्या जाड वायरी कनेक्टर टाळून ग्रॉमेटमधून (पत्र्याच्या भोकातली रबरी कडी) सरळ आत नेलेल्या असायच्या. मी त्याचं चित्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांना ठाऊक होतं की." काळी आणि लाल, दोन्हींना कनेक्टरमधून बाहेर काढून 8 गेजच्या (आकडा जितका लहान तितकी वायर जाड) अखंड वायरी टाकल्या. डॅशमागचा सांधा उघडून साफ करून पुन्हा जोडला. अँपमीटरचे नट घट्ट केले; एक तर हातानं फिरत होता. अल्टरनेटरच्या स्टडवरून (करंट बाहेर देणारा बोल्ट) वेगळी जाड वायर फेंडरच्या आतल्या बाजूला बसवलेल्या छोट्या फ्यूजबॉक्सला नेली आणि पंखा, हेडलाइटचे रिले, हॉर्न तिथून दिले. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आता स्टार्टर आणि चार्जिंगची लाल वायर, बाकी काही नाही. इंजिनपासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला नवीन अर्थ. लग (वायरीच्या टोकाची धातूची जोडणी) दाबून, म्हणजे क्रिंप करून, वर सोल्डर ओतणं अण्णांची सवय. साडूंचं म्हणणं नुसतं क्रिंप पुरे. यात साडू बरोबर आहेत, कंपनातून सोल्डरच्या कडेला वायर तुटू शकते, पण अण्णांनी सोल्डरच्या मागे वायरला क्लिप मारली होती आणि आजवर एकही तुटली नाही.

तेव्हापासून तोच 100 अँपचा अल्टरनेटर आहे, तोच अँपमीटर आहे, आणि वुडवर्डच्या गर्दीतसुद्धा काटा मध्यापासून केसभर उजवीकडे असतो.

आता तुमचा वन-वायर. मी घेणार नाही. एकतर तो स्वतःहून जागा होतो तो इंजिन बाराशे-पंधराशे फेऱ्यांना नेल्यावर. गाडी सुरू करून शांत उभी केली तर एक झटका दिल्याशिवाय चार्ज करत नाही. दुसरं, तो व्होल्टेज स्वतःच्या स्टडवर मोजतो. स्टडवर 14.2 असले आणि मध्ये वायरिंगनं एक व्होल्ट खाल्ला तर हेडलाइटला 13.2 च मिळतात, आणि त्याला ते कळतही नाही. ज्याला बाहेरून सेन्सिंगची वायर जोडता येते तो घ्या. 'एकच वायर, सोपं काम' या जाहिरातीपायी मंद हेडलाइटची तक्रार कायम राहील.

तुमच्या '69 बद्दल एक वेगळी गोष्ट: त्यात जुना पॉइंटवाला रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा) आहे आणि फील्डची (अल्टरनेटरमध्ये चुंबक तयार करणारी कॉइल) एक बाजू अल्टरनेटरच्या आतच अर्थ असते. 1970 पासून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला, फील्डची दोन्ही टोकं बाहेर आली आणि रेग्युलेटर अर्थची बाजू सांभाळू लागला. त्या नंतरच्या जातीचा, फील्डची दोन टोकं बाहेर असलेला अल्टरनेटर घ्याल तर एक फील्ड अर्थ करून जुनाच रेग्युलेटर चालवता येतो, किंवा नवा रेग्युलेटर लावून एक जादा वायर ओढायची. मी दुसरं करेन.

पट्टा: 100 अँप म्हणजे 1400 वॅट, आणि अल्टरनेटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर इंजिनकडून तीन हॉर्सपॉवरच्या वर. एकेरी व्ही-बेल्ट तिथपर्यंत तग धरतो, त्यापुढे घसरतो. 140-160 अँपच्या मागे लागू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. इंजिन बंद असताना पंखा चालला तर त्याचा करंट बॅटरीतून उलटा अँपमीटरमधून येईल. म्हणून पंख्याचा रिले इग्निशनवरच ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर जंप देऊन (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीनं सुरू करून) निघू नका, कारण 100 अँपचा अल्टरनेटर तिला चाळीस-पन्नास अँपनं भरायला बघेल आणि ते सगळं लाल वायरीतून जाईल. आधी चार्जरवर लावा. फ्यूजिबल लिंक मूळ वायरीपेक्षा चार गेज बारीक असते, तिथे साधी वायर कधीच घालू नका. आणि हे सगळं डॉज-प्लिमथपुरतं आहे. शेव्हरोले किंवा मस्टँगची वाट वेगळी, तिथे माझं बोलणं जसंच्या तसं लावू नका.

पैसे खर्च करण्याआधी एवढं करा. इंजिन पंधराशेवर ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा. मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या स्टडवर, दुसरं इग्निशन स्विचच्या इनपुटवर. मग तेच निगेटिव्हच्या बाजूला: अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर तुमच्या मंद हेडलाइटचं कारण अल्टरनेटर नाही. डॅशमागे वायरींना हात घालण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. दोन्ही आकडे इथे लिहा, कोणता अल्टरनेटर घ्यायचा ते मग सांगतो.