बारा महिन्यांचं पॅकेज घेण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पहिली नोकरी, पुण्यात कॉट बेसिसवरची खोली, दोन वेळचा डबा आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीत. जिमवाला बारा महिन्यांच्या पॅकेजवर सूट देतोय, घेऊ का, असं विचारलं आहेस. आत्ता घेऊ नकोस. अगदीच हौस असेल तर महिन्याचं घे, महाग पडलं तरी. वर्षाचे पैसे भरलेली बरीच मंडळी पहिल्या खाड्यानंतर तिकडे फिरकत नाहीत. आणि खाडा तर पडणारच: गणपती, ऑफिसातली डेडलाइन, ताप, गावाकडचं लग्न. तेव्हा बेत असा बसव की तीन आठवडे बंद पडला तरी चौथ्या आठवड्यात मुकाट्याने पुन्हा सुरू करता यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. १५० मिनिटं म्हणजे रोजची वीस-बावीस. ऑफिसच्या एक स्टॉप आधी उतरून भरभर चाललं तरी त्यातली बरीच भरतात. भरभर म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. धावायचंच असेल तर पहिले काही आठवडे एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असे आठ फेरे पुरे. पहिल्याच रविवारी पाच किलोमीटर धावणारे पुढच्या बुधवारी नडग्या चोळत बसतात.

चालणं बहुतेकांना जमतं. राहतात ते ताकदीचे दोन दिवस, आणि तुझ्या वयाला तेच जास्त महत्त्वाचे. हाडं जितकी भक्कम व्हायची तितकी साधारण तिशीच्या आतबाहेर होऊन जातात; पुढे आहे ते टिकवायचं असतं. मंगळवार आणि शुक्रवार धरू. चार प्रकार, प्रत्येकी आठ, असे तीन फेरे. पंचवीस मिनिटांत आटोपतं.

पहिली बैठक. तालमीत ती चवड्यांवर, वेगात, शेकड्यांनी मारतात. तुला इतक्यात ती नको. खुर्चीपुढे पाठ करून उभं राहा, पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं जरा बाहेर. बूड मागे नेत खाली ये, खुर्चीला टेकल्या न टेकल्यासारखं कर आणि टाचा दाबून उठ. टाचा उचलल्या जात असतील तर बहुधा घोटे ताठ आहेत. टाचांखाली एक जाडसर वही सरकव. उठताना गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर समजायचं की दमलंय, तो फेरा तिथेच संपव.

दुसरा जोर. जमिनीवर निघत नसतील तर पोट लोंबकळत ठेवून अर्धेमुर्धे काढण्यात अर्थ नाही. भिंतीवर सुरू कर, मग किचनच्या ओट्यावर, मग पायरीवर, शेवटी जमिनीवर. एका ठिकाणी नीट पंधरा निघाले की खालच्या उंचीवर जायचं. कोपरं धडापासून ४५ अंशांत ठेव. ती थेट बाजूला फाकली की काही आठवड्यांत खांद्याचा पुढचा भाग कुरकुरायला लागतो.

तिसरा ओढण्याचा. घरच्या व्यायामात हाच राहून जातो आणि दिवसभर लॅपटॉपवर वाकलेल्या पाठीला नेमका हाच लागतो. रोज बारा सूर्यनमस्कार जरूर घाल, पण त्यात ढकलणं आणि वाकणं आहे, ओढणं नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की झालं पाच किलोचं वजन. एक हात टेबलावर टेकवून पुढे वाक आणि दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढ. कोपर मागे जायला हवं, खांदा कानाकडे नको.

चौथा कमरेतून वाकण्याचा, आणि याच्यापाशी घाई करू नकोस. खोलीतला वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलोहून जास्त वजन. तो पाठ गोल करून, पाय ताठ ठेवून, झटका देऊन उचलला की कंबर धरते. आधी रिकाम्या हातांनी शीक. भिंतीकडे पाठ करून एक वीत अंतरावर उभं राहा. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, आणि बूड मागे नेऊन भिंतीला लाव. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला तर बरोबर जमलं. कमरेत जाणवला तर पाठ वाकलेय. जमलं की हातात कॅन घे. जारची पाळी महिन्याभराने, आणि उचलताना तो अंगाला चिकटलेला हवा.

प्रत्येक फेऱ्यात ‘अजून दोन निघाले असते’ अशा जागी थांब. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, तिसऱ्या दिवशी कदाचित जास्त. ते चालतं. सांध्यात टोचणारं किंवा एकाच बाजूचं दुखणं चालवून घ्यायचं नाही. आणि सावध राहायचं ते सहाव्या-सातव्या आठवड्यात. सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्था सरावल्यामुळे येते, स्नायूही लवकर जमवून घेतात, पण स्नायू हाडाला बांधणारे कंडर फार सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. त्यामुळे जोर आलाय असं वाटून वजन एकदम दुप्पट केलं की कोपर किंवा गुडघ्याखालची जागा दुखायला लागते. एका वेळी एकच गोष्ट वाढव: वजन, फेरे किंवा दिवस.

आता डबा. वजन ६० किलो असेल तर दर किलोला ०.८३ ग्रॅमच्या हिशोबाने रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करणाऱ्याने ७० धरावीत. सकाळच्या पोह्यांत जेमतेम ४. एका पोळीत ३, म्हणजे दोन वेळच्या सहा पोळ्यांत १८. दोन वेळचा भात ६. मेसचं वरण पातळ असतं, वाटीला ४ धर, दोन वाट्यांचे ८. भाजीचे ४. झाले ४०. उरलेल्या तिसांसाठी पावडरीचा डबा आणायची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही स्नायू वाढवायला प्रथिनांची पूरकं टाळा, असंच सांगितलंय. दोन अंडी १२, पेलाभर दूध ६, मूठभर फुटाणे ६, मूठभर शेंगदाणे ७. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून भाजीत टाक, १५ मिळतात. शाकाहारी असशील तर बी१२ एकदा तपासून घे, ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराने घे. संध्याकाळी सहानंतरचाही सोड. त्यातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीसुद्धा अंगात असतं, आणि झोप तर सात तास हवीच.

वजनकाट्यावर रोज चढू नकोस. महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोज: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटीमीटर ही हद्द. वर्षातून एकदा रक्तदाबही बघून घे.

खाडा पडला की सगळे चुकतात ते बुडालेलं भरून काढायला जाऊन. दम आधी जातो, दोन आठवड्यांतच कमी व्हायला लागतो. ताकद तीनेक आठवडे बऱ्यापैकी टिकते. तीन आठवड्यांनी परत येताना चालण्याचा वेग कमी ठेव, ताकदीचे फेरे तीनऐवजी दोन, आणि जोर एक पायरी वरच्या उंचीवर. दोन आठवड्यांत बहुतेक जुन्या आकड्यांवर येशील, कारण एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर येतो. तापातून उठल्यावर मात्र अंगदुखी पूर्ण थांबेपर्यंत नुसतं चालणं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा जिन्यावर पूर्वी लागत नव्हती तशी धाप लागली, तर व्यायाम बंद ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.

एक दोनशे पानी वही आण. तारीख, प्रकार, किती निघाले, कुठे दुखलं, एवढंच लिही. ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवसाची तारीखही घाल आणि पुढे रेघ मार. महिन्याने पानाचा फोटो पाठव, रेघांसकट. मग वजन वाढवायचं का, ते बघू.

तुझा,
काका