रास्पबेरी पाय ४ वर एसएसडीवरून बूट करण्यासाठी क्रम कसा बदलायचा?

तुम्ही लिहिलंय की कार्डावरच्या कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलमध्ये बूट ऑर्डरची ओळ टाकली, एसएसडी जोडली, दोनदा रीबूट केलं, तरी पाय हा छोटा संगणक एसडी कार्डावरूनच सुरू होतो. होणारच. ती फाइल उघडली जाते तोवर कुठून बूट करायचं हे ठरून गेलेलं असतं. पाय ४ मध्ये हे ठरवणारा बूटलोडर, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, बोर्डावरच्याच ५१२ केबीच्या ईईप्रॉम या कायमस्वरूपी मेमरी चिपमध्ये असतो आणि त्याच्या सेटिंगही तिथेच असतात. कार्ड बदला, फॉरमॅट करा, चिपमधला क्रम तोच राहतो. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत ही चिप नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचना इथे लावू नका.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत टाका.

कार्डावरून बूट करून आधी 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट' चालवा. बूटलोडर जुना आहे असं सांगितलं तर शेवटी '-ए' जोडून पुन्हा चालवा आणि रीबूट करा. ही पायरी गाळू नका. पाय ४ बाजारात आला २०१९ मध्ये, पण यूएसबी बूटची सोय बूटलोडरमध्ये आली २०२० मध्ये. सुरुवातीचा बोर्ड असेल आणि तो कधीच अपडेट झाला नसेल, तर त्याला एसएसडीवरून बूट करणं ठाऊकच नसतं.

मग 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग --एडिट'. नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये चार-सहा ओळी दिसतील. त्यात BOOT आणि ORDER हे दोन शब्द अंडरस्कोरने जोडलेली, मोठ्या अक्षरांतली ओळ शोधा. पुढे बहुधा ०एक्सएफ४१ असेल. हा आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, २ म्हणजे नेटवर्क, ६ म्हणजे एनव्हीएमई (एसएसडीचाच एक प्रकार), आणि एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ०एक्सएफ४१ चा अर्थ: आधी कार्ड, मग यूएसबी, दोन्ही नसतील तर परत सुरुवात. तुम्हाला हवंय ०एक्सएफ१४. डावीकडचा एफ काढू नका. एसएसडी जागी व्हायला उशीर झाला तर त्याच्यामुळेच दुसरी फेरी मिळते.

हे हाताने नको असेल तर 'सुडो रास्पी-कॉन्फिग'मध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग बूट ऑर्डर, तिथे यूएसबीचा पर्याय निवडा. काम तेच होतं. पण आकडा एकदा डोळ्यांनी पाहिलेला बरा, पुढे अडचण आली तर तोच उपयोगी पडतो.

सेव्ह केलं म्हणजे चिपमध्ये लिहिलं गेलं असं नाही. नवी प्रत बूट पार्टिशनवर ठेवली जाते आणि पुढच्या रीबूटला चिपवर चढते. म्हणून कार्ड तसंच ठेवून एक रीबूट करा, त्या वेळी वीज तोडू नका, आणि 'व्हीसीजेनसीएमडी बूटलोडर_कॉन्फिग'ने नवा आकडा खरंच आलाय का ते बघा. त्यानंतरच पाय बंद करून कार्ड काढा.

कार्ड काढाच, कारण पुढची अडचण फसवी आहे. एसएसडी कार्डाची डीडी या आज्ञेने केलेली हुबेहूब नक्कल असेल, तर दोन्हींचा पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, एकच असतो. मग कर्नल (प्रणालीचा गाभा) एका ठिकाणाहून येतो आणि रूट पार्टिशन (बाकीच्या सगळ्या फाइल्सचा भाग) दुसऱ्याचं जोडलं जाऊ शकतं. सगळं चालू दिसतं, पण तुमचे बदल भलतीकडेच जाऊन बसतात. 'फाइंडएमएनटी /' दिल्यावर एसडीए दिसलं तर एसएसडी, एमएमसीबीएलके दिसलं तर कार्ड. नक्कल करताना डेस्कटॉपवरचं एसडी कार्ड कॉपियर वापरून त्यातल्या नव्या यूयूआयडीच्या चौकटीवर खूण केलीत तर हा घोळ मुळातच टळतो.

आता एसएसडी दिसतच नसेल तर आधी वीज तपासा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा, आणि चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. मोबाइलचा चार्जर आणि लांब केबल असेल तर सुरू होताना एसएसडी गळपटते. वीज ठीक असेल तर संशय सॅटा-यूएसबी अडॅप्टरवर घ्या. काही चिपसेटचं यूएएसपीशी, म्हणजे यूएसबीवरून डेटा जलद नेण्याच्या पद्धतीशी, जमत नाही. बूट अडकतं किंवा फार रेंगाळतं. 'एलएसयूएसबी'मध्ये अडॅप्टरच्या ओळीवर अपूर्णविरामाने जोडलेला आठ अक्षरांचा क्रमांक दिसेल. एसएसडीच्या बूट पार्टिशनवरच्या सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीच्या सुरुवातीला 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=', लगेच तो क्रमांक, मग ':यू' लिहा आणि एक जागा सोडा. ही फाइल एकाच ओळीची असली पाहिजे. एंटर दाबून दुसरी ओळ केलीत तर बूटच होणार नाही.

आणि आकडा चुकून पाय पूर्ण गप्प झाला तरी बोर्ड वाया गेलेला नाही. दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर उघडा, मिसलेनियस युटिलिटी इमेजेसमध्ये बूटलोडर निवडा, रिकाम्या कार्डावर लिहा आणि ते कार्ड लावून पाय सुरू करा. हिरवा दिवा भराभर, एकसारखा लुकलुकू लागला आणि स्क्रीन हिरवी झाली की चिप नव्याने लिहिली गेली. त्याच यादीत यूएसबी आधी असलेला पर्यायही आहे. तो घेतलात तर आकडा हाताने बदलायची गरजच उरत नाही.