बटाटा बंद करून केळी सुरू करण्याआधी

ताई, आपल्या आहाराच्या गटात नव्याने आलात आणि पहिल्याच आठवड्यात बटाटा बंद करून त्याजागी केळी घ्यायचं ठरवलंत, म्हणून हे लिहितोय. घाई करू नका. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी असतात, तेवढ्याच सोललेल्या केळ्यात 89. पोटॅशियमसाठी सगळे केळ्याचं नाव घेतात, पण बटाट्यात ते सुमारे 420 मिलिग्रॅम आहे, केळ्यात 360 च्या आसपास. ‘क’ जीवनसत्त्वही बटाट्यात जास्त. शिजवताना त्यातलं काही जातं, म्हणून सालासकट उकडा आणि साल नंतर काढा.

खरा फरक कर्बोदकांच्या जातीत आहे. बटाट्यातली बहुतांश कर्बोदकं म्हणजे स्टार्च. केळं हिरवं असताना त्यातही स्टार्चच असतो, पिकत जातं तशी त्याची साखर होते. साल पिवळी होऊन काळे ठिपके पडले की ते सर्वांत गोड. मधुमेह असेल तर हे लक्षात ठेवा. मात्र उकडलेला बटाटाही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो, तेव्हा प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आपल्या इंदुरात बटाटा बदनाम झाला तो तेलामुळे. सराफ्यातले, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातले, तळलेले गराडू (हा तर वेगळाच कंद, बटाटा नव्हेच), उपासाचा बटाट्याचा कीस, कचोरीतलं सारण, यांचा हिशेब उकडलेल्या बटाट्याच्या खात्यावर कशाला? सकाळी फिरायला निघण्याआधी केळं खा, लवकर पचतं. जेवणात मध्यम आकाराचा एक उकडलेला बटाटा दह्यात कालवून, वर जिरेपूड घालून घ्या. त्या दिवशी एक पोळी कमी करा.