'संकटाने धीर' की 'संकटात धीर'?

पुण्यातल्या एका छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आहे. खडकीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने वडिलांच्या स्मरणसभेची पत्रिका छापायला दिली आहे. तिच्या माथ्यावर वचन आहे : 'संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते.' मुद्रितशोधकाने 'संकटाने'वर लाल रेघ मारून शेजारी 'संकटात' लिहिलं. त्याचं म्हणणं, संकटाने धीर सुटतो, निर्माण कसा होईल? शिवाय 'शील' हा शब्द या ओळीत कुठून आला, हेही त्याला कळेना. दुरुस्ती ठेवावी का?

नको. हे येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातलं वचन आहे, 5व्या अध्यायातलं, आणि मराठी 'पवित्र शास्त्रा'त, म्हणजे बायबलात, ते 'संकटाने' असंच छापलेलं आहे. पण मुद्रितशोधकाचा कान चुकला असं मी म्हणणार नाही. 'धीर' मराठीत कोणकोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते बघा. धीर धरतात, देतात. तो सुटतो, खचतो. बोलायचा धीर होत नाही, निकाल लागेपर्यंत धीर निघत नाही. म्हणजे धीर आपल्यापाशी आधीपासून असतो, नाहीतर दुसरं कोणी येऊन देतं. संकटामुळे तो नव्याने तयार होतो, असं आपण रोजच्या बोलण्यात म्हणत नाही. पौलाचं वाक्य कानाला खटकतं ते म्हणूनच, आणि ते खटकायलाच हवं.

व्याकरणात काही अडचण नाही. '-ने' हा प्रत्यय कारण सांगतो, पण त्या कारणाने भलं होणार की बुरं हे सांगत नाही. पावसाने पीक येतं, पावसाने पीक जातंही. 'संकटाने' म्हटलं की पुढे 'खचला'च येणार, ही सवय आपल्या कानाची आहे.

गंमत अशी की 'संकटात धीर'ही त्याच पत्रात आहे. 12व्या अध्यायात 'संकटात धीर धरा' अशी सरळ आज्ञा आहे. स्मरणसभांत, आजाऱ्याच्या घरच्या प्रार्थनेत ती इतकी वापरली जाते की मुद्रितशोधकाच्या कानात तीच असली तर नवल नाही. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये धिराचा शब्द एकाच कुळातला आहे. 12व्या अध्यायात धीर धरणारा माणूस आहे, म्हणून 'संकटात'. 5व्यात माणूस काही करतोय असं म्हटलेलंच नाही. त्याच्या बाबतीत काय घडतं ते सांगितलं आहे, म्हणून 'संकटाने'. प्रत्यय बदलला की विधानाचा उपदेश होतो.

आता ग्रीक शब्द. धिरासाठीचा 'हुपोमोने' म्हणजे शब्दशः खाली राहणं, भार आला तरी त्याच्याखालून न निसटणं. संकटासाठीचा 'थ्लिप्सिस' हा दाबणं, चेपणं यावरून आलेला. तेव्हा दाब आणि दाबाखाली टिकून राहणं अशी ही जोडी आहे. दाबच नसेल तर दुसऱ्या शब्दाला अर्थ उरत नाही. आपल्या 'धीर'च्या घराण्यातही हे आहे, फक्त आपण विसरलो. 'कुमारसंभवा'त कालिदास म्हणतो, 'विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः.' मन ढळायला कारण समोर असूनही ज्यांचं ढळत नाही, तेच धीर. कारणच नसेल तर कोण धीर आणि कोण अधीर, हे कळायला मार्ग नाही.

याच्या अलीकडचा तुकडा मला जास्त अवघड वाटतो : 'संकटांचाही अभिमान बाळगतो.' ग्रीकमध्ये तिथे 'एन' हे अव्यय आहे, म्हणजे साधारण आपलं '-त'. त्यामुळे 'संकटांचा अभिमान' असाही अर्थ लावता येतो आणि 'संकटांत असतानाही अभिमान' असाही. त्या क्रियापदाबरोबर 'एन' बहुधा ज्याचा अभिमान ते दाखवतो, म्हणून मराठी अनुवाद चूक नाही. तरी मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. मुद्रितशोधकाला हवी असलेली सप्तमी अशी एक पायरी अलीकडे सापडते!

'शील'वरची त्याची शंका मात्र रास्त आहे. शील म्हटलं की मराठी वाचकाला चारित्र्य आठवतं, तेही पुष्कळदा बाईचं. मूळ शब्द 'दोकिमे', म्हणजे पारखून खरं ठरलेलं असणं. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो, उमटलेली रेघ बघतो आणि मग भाव सांगतो. सोनं आधीही तेवढंच असतं, पण रेघ उमटेपर्यंत त्यावर कोणी पैसे देत नाही. मला विचाराल तर 'कसाला उतरणं' इथे चपखल बसलं असतं. अर्थात वचनात आपण शब्द घालायचे नसतात, आणि पत्रिकेत तर नाहीच.

राहिली आशा. या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही. आशाळभूत, आशेला लावणं, वेडी आशा असे त्याचे सोबती. आशा ही अशी अजब बेडी आहे की जिला बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागेवर राहतात, असं संस्कृत सुभाषितही आहे. ही आशा संकटाच्या आधीची, अजून काही सोसलेलं नसतानाची. पौलाने आशा शेवटी ठेवली आहे, दाब, टिकणं आणि पारख या तिन्हींच्या पलीकडे. लगेच पुढे तो म्हणतो, 'आशा लाजवत नाही.' हा बायबलातल्या स्तोत्रांमधला जुना वळसा आहे. देवावर भिस्त ठेवली आणि चारचौघांत फजिती झाली, असं होत नाही. आपल्या बोलीत, ती तोंडघशी पाडत नाही. का पाडत नाही, तर देवाची प्रीती अंतःकरणात ओतली गेली आहे म्हणून, असं तो सांगतो. म्हणजे सोसलं की आपोआप आशा येते, हा त्याचा दावा नाही. लिहिणाराही सावलीत बसून लिहिणारा नव्हता. करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने स्वतःचा हिशेब दिला आहे : 5 वेळा एकोणचाळीस फटके, 3 वेळा गलबत फुटलं.

'-ने'चे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात बघायचे तर पुणेकरांना लांब जायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळाने गेले. 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि दौंडच्या वाटेवरच्या केडगावला मुक्ती सदन भरत गेलं. पुढे तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. म्हणून दुष्काळ चांगला ठरत नाही, आणि तसं कोणी म्हणू लागला तर त्याला तिथेच अडवावं. घरात माणूस गेलेल्याच्या तोंडावर हे वचन फेकून 'धीर दिला' म्हणणारेही असतात. तो धीर देणं नव्हे. या कुटुंबाने मात्र ते स्वतः निवडलं आहे, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा पत्रिकेपुरतं सांगतो. 'संकटाने' ठेवा, 'शील' ठेवा. खाली 'रोमकरांस पत्र 5:3-4' असा संदर्भ द्या, म्हणजे वाचणारा पुन्हा तीच शंका काढणार नाही. ओळ वाक्याच्या मधून उचललेली आहे, सुरुवातीला तीन टिंबं दिलीत तर बरं. जागा उरली तर 'आशा लाजवत नाही' हेही घ्यावं का, एवढं मात्र त्या घरच्यांना विचारा आणि मगच जुळवा. घेतलं तर संदर्भ 5:3-5 असा करायला विसरू नका.