वाचकांचे प्रश्न : पाहिलेलं, ऐकलेलं आणि ‘म्हणे’

प्रश्न : आजीला जाऊन दोन वर्षं झाली, तिच्यावर मोठा लेख लिहायला घेतलाय. आजोबा गावात नावाजलेले शिक्षक, लोक अजून नाव काढतात, पण घरात आजीवर हात उचलायचे. हे लिहिलं नाही तर आजी अर्धीच राहते असं वाटतं. काका म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल असलं काही लिहू नये, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आई म्हणते, लिही पण कथा म्हणून लिही, नावं बदल. मी काय करू?
(एक वाचक, सातारा)

ताई, तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं, आणि सोबतचा कच्चा मसुदाही वाचला. त्यात आजोबांच्या मारण्याचे पाच प्रसंग आहेत. त्यातले चार तुम्हाला आईने आणि आत्याने सांगितलेले, तुम्ही जन्मायच्या आधीचे, आणि ते तुम्ही असे रंगवलेत की जणू तुम्ही तिथे दारात उभ्या होतात. पाचवा मात्र तुमचा स्वतःचा आहे, तुम्ही सातवीत असताना आजी भाकरी थापत होती, पदर घसरला, दंडावर काळंनिळं दिसलं आणि पिठाच्या हाताने तिने पदर वर ओढून घेतला, पदराला पीठ लागलं. एवढंच. तीन ओळी आहेत. मला विचाराल तर अख्खा लेख त्या तीन ओळींवर उभा आहे, ते पीठ कुणाला पदरचं घालता येत नाही.

म्हणून ऐकलेलं लिहूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. लिहा, पण ऐकलेलं म्हणून लिहा. आपल्या भाषेत त्यासाठी एवढासा शब्द आहे, ‘म्हणे’. ‘आजोबांनी तांब्या फेकून मारला’ आणि ‘तांब्या फेकून मारला म्हणे’ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या वाक्यात सांगणारं कुणीतरी आहे, घरात ही गोष्ट कशी दबक्या आवाजात फिरत आली ते आहे, आणि तुम्ही कुठे उभ्या आहात तेही आहे. बोलताना आपण सगळे हा शब्द आपसूक वापरतो, लिहायला बसलो की पहिला तोच गाळतो कारण वाक्य ठसठशीत दिसतं. कुठे ‘म्हणे’ला टोमण्याचा वास येत असेल तर सरळ ‘आई सांगायची’ लिहा, काही बिघडत नाही.

हे मी अधिकाराने सांगतोय असं समजू नका, मी स्वतः ह्यात चुकलोय आणि ती चूक मला अजून सलते. आमचे अण्णा गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात अण्णाही होते. 2007 साली संपाला 25 वर्षं झाली म्हणून मी एका अंकात त्यांच्यावर लेख लिहिला, त्यात लिहिलं की अण्णा शेवटपर्यंत संपात राहिले, डगमगले नाहीत. लेखाचं कौतुक झालं, लोकांचे फोन आले. आईने चष्मा लावून दुपारभर वाचला आणि संध्याकाळी मला एकच विचारलं, “मग तो डबा मी कुणाला भरून देत होते?”

मला माहीत होतं. वाण्याने उधारी बंद केली होती, थोरली बहीण बाळंतपणाला आली होती, आणि अण्णा पहाटे पहिल्या पाळीला गुपचूप जायला लागले होते. चाळीत कळू नये म्हणून डबा कापडी पिशवीत तळाला आणि वर कांद्याची पात, भाजी आणायला निघालाय असं वाटावं म्हणून. मी तेव्हा 14 वर्षांचा होतो, ती पात पिशवीत घालताना मी आईला पाहिलंय. आणि लिहिताना मी ते पुसलं कारण मला ताठ मानेचा बाप हवा होता. त्यात अण्णांचा मान राखला असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी त्यांची त्या दिवसांतली भीती, लाज, आमच्यासाठी केलेली ती पायपीट सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. आणि आईचा डबाही.

तुमच्या काकांना वाटतं की खरं लिहिणं म्हणजे आजोबांना उघडं पाडणं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्यांना वाचायला द्या, पहिला भाग 1934 सालचा. रेव्हरंड टिळकांना जाऊन तेव्हा 15 वर्षं झाली होती. नवऱ्याचा राग, घर सोडून निघून जाणं, घरात काही नसताना असेल ते दुसऱ्याला देऊन टाकणं, बाईंनी काही लपवलेलं नाही, आणि तरी पुस्तक मिटताना टिळक आपल्याला लहान वाटत नाहीत. कारण त्या स्वतःचा हट्ट, स्वतःचं सोवळं, स्वतःची भांडणंही त्याच मापाने मोजतात. तुमच्या मसुद्यात हे माप मला दिसलं नाही. आजोबा आहेत, आजी आहे, तुम्ही नाही. सातवीतल्या त्या मुलीने दंड पाहिला आणि मग काय केलं? कुणाला विचारलं का? दुसऱ्या दिवशी आजोबांनी जवळ घेतलं तेव्हा ती गेली का? तुम्ही त्यांची लाडकी नात होतात असं पत्रात लिहिलंय, लेखात ते कुठेच नाही. ‘बलुतं’मध्ये (1978) दया पवारांनी दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी आपलीच दोन माणसं समोरासमोर बसवली, दगडू सांगतो आणि दया ऐकतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला कुठे लपायला जागाच उरत नाही. तुम्ही तसंच करा असं नाही, पण ती मुलगी लेखात आणा.

आईच्या सल्ल्याबद्दल, कथा लिहावीशी वाटत असेल तर जरूर लिहा, पण अंगावर येऊ नये म्हणून कथेच्या आड जाऊ नका, गावात आजोबांना सगळे ओळखतात, नाव बदलून काय होणार. छापायच्या आधी काकांना वाचायला द्या. ते चिडतील. एखादी गोष्ट चुकीची असेल तर सांगतील, ती दुरुस्त करा. पण गाळ म्हणाले म्हणून गाळू नका.

प्रश्न : आत्मकथनांमध्ये 40-50 वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः दिलेले असतात. कुणाला इतकं आठवतं? हे खोटं नाही का?
(एक वाचक, इचलकरंजी)

शब्दशः कुणालाच आठवत नाही, आणि वाचकालाही ते ठाऊक असतं. माणूस असं बोलायचा का, त्या वेळी असंच काहीसं म्हणाला होता का, एवढं बघावं. आईचं ते डब्याचं वाक्य मी वर दिलंय ते मला अक्षरशः आठवतं, पण अण्णांचं कुठलंच बोलणं मी अवतरणात घालणार नाही, आवाज आठवतो पण शब्द निसटलेत. उलट शब्द खरा असूनही सांगणं खोटं असू शकतं. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, धर्मराजाचे शब्द चूक नव्हते, पण द्रोणाचार्यांना मुलगा गेला असं वाटावं म्हणूनच ते उच्चारले होते, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. तेव्हा संवाद किती अचूक आहे ह्यापेक्षा तो कशासाठी घातलाय ते तपासा.

प्रश्न : माझी गोष्ट निम्मी घडलेली, निम्मी रचलेली आहे. वर ‘सत्य घटनेवर आधारित’ टाकलं तर चालेल का? मित्र म्हणतात त्याने जास्त लोक वाचतात.
(एक वाचक, नांदेड)

नको. त्या ओळीमुळे जो वाचक रडेल तो घडलेल्या गोष्टीसाठी रडेल, आणि तुमच्या गोष्टीतला मुलाचा मृत्यू तर घडलेलाच नाही असं तुम्हीच लिहिलंय. ती ओळ खोडा, वर नुसतं ‘कथा’ लिहा आणि मला पाठवा, विहिरीवरचा प्रसंग चांगला जमलाय, मला पुढचं वाचायचंय.