जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये महागडे 'ऑडिओ ग्रेड' पार्ट टाकून घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅम्प वडिलांच्या वेळचा, तीसेक वर्षांचा आहे, हल्ली हमिंग येतं, आणि मिस्त्री सगळे कंडेन्सर आणि आयसी (चिप) 'ऑडिओ ग्रेड', म्हणजे खास आवाजासाठी म्हणून विकतात ते, टाकायचे 18,000 मागतोय. एवढे घालू नका. त्याने दुरुस्ती आणि हौस एकाच बिलात बांधलीय.

आधी दुरुस्ती. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतक्या वर्षांत आतून सुकतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर तिचा 100 हर्ट्‌झचा तरंग होतो. तो गिळायचं काम यांचं. हे थकले की तो स्पीकरमधून ऐकू येतो. थकले असतील तर खुशाल बदला. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं वरचं, आणि 105 डिग्रीवाले, म्हणजे तेवढी उष्णता सोसणारे, घ्या. तापमान 10 अंशांनी उतरलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब आहे. इंदूरच्या मे महिन्यात, शोकेसच्या बंद खणात 85 डिग्रीवाल्याचे हाल कशाला करायचे? व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. वूफरच्या कडेचा फोम बोटाने दाबून पाहा. बिस्किटासारखा चुरला, तर आधी पैसे तिथे.

आता हौस. ती मी केलीय. इथे जेल रोडवर शेवेच्या पुडीच्या भावात मिळणारा 5532 हा अ‍ॅम्पमधला साधा आयसी काढून बाहेरून मागवलेला महागडा आयसी बसवला आणि आठवडाभर येईल त्याला सांगत होतो की तानपुरा कसा मोकळा झालाय. शेवटी भाचा कंटाळून म्हणाला, "मामा, नवा एकाच चॅनलमध्ये ठेव ना."

डावीकडे जुना, उजवीकडे नवा. अमीर खाँसाहेबांचं मोनो रेकॉर्डिंग लावलं, म्हणजे दोन्हीकडे अगदी तेच. स्पीकर एकच. 100 हर्ट्‌झचा टोन वाजवून, मल्टिमीटर लावून, बॅलन्सच्या नॉबने दोन्ही चॅनल सारखे केले. हे चुकवू नका, किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, भाचा नाणं उडवून तार बदलत राहिला. मंद्रातले ते संथ आलाप ऐकत मी अगदी ठामपणे उत्तरं देत होतो. 12 पैकी 7 बरोबर! नुसतं छापा-काटा करूनही तेवढी आली असती. "तो आयसी केवढ्याला पडला?" असं बायकोने तेव्हा स्वयंपाकघरातून विचारलं होतं. अजून विचारते.

यात नवल काही नाही. 5532 चं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजात होणारी बिघाडाची भेसळ, टक्क्याच्या हजाराव्या भागांत मोजतात, आणि चांगला वूफरसुद्धा खालच्या सुरांना मोठ्या आवाजात सहज एखादा टक्का घालतो. वर वेगवान आयसी जुन्या बोर्डावर, जवळ डिकपलिंगचा (सप्लाय स्थिर ठेवणारा) छोटा कंडेन्सर नसेल तर, ऑसिलेट होऊन, म्हणजे आपोआप कंप पावून, तापतात. बाजारात नकली माल किती, ते वेगळंच. उरलेल्या पैशांतून खोलीत जाड सतरंजी घाला. टाइल्सवरून परतणारा आवाज कुठलाही आयसी थांबवत नाही.

मिस्त्रीकडून काढलेले पार्ट परत मागून घ्या. आणि एवढं सांगा : व्हॉल्यूम शून्यावर असताना, मागच्या इनपुटच्या सगळ्या पिना काढल्यावरही हमिंग येतं का? येत नसेल, तर कंडेन्सरना हात न लावता आधी पिना आणि अर्थिंग तपासायचं.