चर्चच्या आराधनेत ड्रम-गिटार चालते का? आणि ख्रिस्ती माणसाने बाहेरची लोकप्रिय गाणी ऐकावीत का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीत ड्रमवरून दोन तट पडलेत, आणि घरी मुलगा दिवसभर पॉप गाणी ऐकत बसतो याचीही तुम्हाला काळजी वाटते. मी सोळा वर्षं मंडळीत गायन चालवतोय, म्हणून थेटच सांगतो. ड्रम चालतो, गिटार चालते आणि गाणी ऐकून मुलाचा विश्वास उडणार नाही. पण तुमच्याकडची वडीलधारी माणसं जे म्हणतायत ते झटकून टाकू नका. त्यांची भीती खरी आहे, फक्त तिचं खापर ड्रमवर फुटतंय.

आधी चालींचं बघू. ही चाल जगाची आणि ती देवाची, अशी वाटणी इतिहासात कधी टिकली नाही. हान्स लेओ हास्लर या जर्मन संगीतकाराने १६०१ मध्ये एक प्रेमगीत प्रसिद्ध केलं. प्रेमापायी मन सैरभैर झालंय, असा त्याचा आशय. पुढे तीच चाल प्रभूच्या काट्यांच्या मुकुटावरच्या गीताला लागली आणि बाख या जर्मन संगीतकाराने मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या आपल्या 'पॅशन'मध्ये, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनावरच्या संगीतरचनेत, ती पुन्हा पुन्हा आणली. आज गुड फ्रायडेला ती ऐकताना कुणाच्या मनात प्रेयसी येत नाही.

मात्र तरुणांनाही एक सांगायचंय. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलल्या, असं ते हटकून सांगतात. तसं नाही. जर्मन गीतरचनेच्या एका घाटाला 'बार' म्हणत, त्यावरून हा घोळ झाला असावा. नाताळच्या एका गीताला त्याने आधी लोकगीताची चाल लावली होती हे खरं, पण १५३९ मध्ये ती बदलून नवी चाल आली. आपली बाजू बरोबर असली तरी तिच्यासाठी खोटा दाखला देऊ नये.

आता वडीलधाऱ्यांची ती भीती. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने सुमारे ४०० साली आपल्या आत्मकथनात ती फार प्रांजळपणे मांडली आहे. गाण्यातल्या शब्दांपेक्षा गाणंच मला जास्त हलवून जातं तेव्हा माझ्याकडून पाप घडलं असं मी मानतो, अशा वेळी ते गाणं कानावर पडलं नसतं तर बरं, असं तो म्हणतो. पण विश्वासात नवा असताना मंडळीची गीतं ऐकून आलेले अश्रूही त्याला आठवतात, आणि शेवटी तो गायन ठेवावं याच बाजूला झुकतो. स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली मात्र दुसऱ्या टोकाला गेला. स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा हा माणूस, पण त्याच्या झुरिकमध्ये उपासनेतलं गायन थांबलं, १५२७ मध्ये मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढला गेला आणि मंडळीचा आवाज थेट १५९८ मध्ये परत आला. मला हे वाचून वाईट वाटतं. भीती रास्त असूनही औषध केवढं जालीम! सत्तर वर्षं माणसं उपासनेला आली आणि न गाता घरी गेली.

ड्रम-गिटारवाल्या मंडळीतही हे होऊ शकतं. आमच्याकडे झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

एका नव्या गीताच्या मूळ ध्वनिमुद्रणातला गायक उंच आवाजाचा होता, म्हणून आम्हीही ते पांढरी सहा या उंच पट्टीतच घ्यायचो. माझ्या गळ्याला झेपायचं. कानात मॉनिटर, म्हणजे आमचंच गाणं-वाजवणं ऐकवणारा इअरफोन, असल्यामुळे समोरून काय येतंय ते मला कळायचंच नाही. एका रविवारी घसा बसला म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. शेजारी एक काका होते, जुन्या गायनसंघात खर्जात गाणारे. पहिल्या दोन ओळी ते गायले. ध्रुवपद वर चढलं तसे ते थांबले, हात मागे बांधले आणि गीत संपायची वाट बघत उभे राहिले. पुढच्या तिन्ही रांगांत तेच चाललं होतं. ओठ मिटलेले, नजर पडद्यावरच्या शब्दांवर. पौल कलस्सैकरांना लिहितो ते स्तोत्रं, गीतं गाऊन एकमेकांना शिकवा, बोध करा असं. इथे आम्ही पाच जण गात होतो आणि बाकीचे श्रोते झाले होते.

पुढच्या आठवड्यात तेच गीत खाली पांढरी चारवर आणलं, ड्रम हळू केला आणि दुसरं कडवं वाद्यांशिवाय घेतलं. काका ध्रुवपद गायले. तुमच्या मंडळीतही वाद्यांवर वाद घालण्याआधी कुणीतरी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकावं.

मुलाच्या गाण्यांबद्दल. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींची ओळ उद्धृत करून तिथल्या लोकांना देवाबद्दल सांगितलं. म्हणजे ती कविता त्याला माहीत होती. मुलासोबत बसून ऐका, यातलं काय भावतं ते विचारा. काही गाणी खरोखर घाणेरडी असतात, ती तशी आहेत हे सांगायला कचरू नका. पण बरीचशी दुःखाची, एकटेपणाची असतात, आणि तिथे आपल्या आराधनेत एक मोठी पोकळी आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची कितीतरी स्तोत्रं आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं. आपली रविवारची गीतं मात्र सगळी जयजयकाराची.

थॉमस डॉर्सी हा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताचा, पियानोवादक. १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने प्रभूला 'माझा हात धर' म्हणणारं गीत लिहिलं. ब्लूजचा वास येतो म्हणून सुरुवातीला अनेक चर्चेसनी त्याच्या गीतांना दार बंद केलं होतं. तेच गीत १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला गायिका महालिया जॅक्सनने गायलं.

आमच्या मंडळीतल्या एका ताईंचे यजमान गेले. दोन महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "दादा, तुमच्या गाण्यांत मला उभं राहायला जागाच नाही." मला काही उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून दर रविवारी विलापाचं एक तरी गीत असतं, संथ, खालच्या पट्टीत. ड्रम त्यालाही असतो, ब्रशने वाजवलेला.